शिंपले खाणाऱ्याचा दात

रविवार, ७ जानेवारी

आज वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी दगड चाटला. एकदा नाही, चारदा.

हे सगळं बायकोचं कारस्थान. निवृत्त झाल्यापासून आठ महिने मी घरात बसून तिच्या शिवणकामावर देखरेख करतोय, आणि ती म्हणते देखरेख आणि लुडबुड यात फरक असतो. वाचनालयाच्या फलकावर तिला चिठ्ठी दिसली: दगड आणि जीवाश्म शोधणारी मंडळी, एक रविवार सोडून एक, चालता येणं आवश्यक. तिनं माझं नाव देऊन टाकलं. मला सांगितलं ते आदल्या दिवशी, माझ्या बुटांना नवीन नाड्या घालताना.

मंडळी म्हणजे आम्ही नऊ जण. त्यातले तीन लक्षात राहिले. एक ड्रायव्हर, ज्यानं तीस वर्षं बस चालवली आणि आता आमची व्हॅन चालवतो. एक नर्स, जी अजून नोकरीत आहे आणि सगळ्यांकडे इंजेक्शन द्यायची जागा शोधल्यासारखी बघते. आणि बाई. बाई कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. वय चौऱ्याहत्तर, उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज व्हॅनच्या हॉर्नपेक्षा वरचढ.

आम्ही जातो ती जुनी चुनखडीची खाण. अर्धी चालू, अर्धी बंद. बंद अर्ध्या भागात फिरायची परवानगी कंपनीनं बाईंच्या एकटीच्या नावावर दिलेली आहे. त्यांच्याशिवाय फाटक उघडत नाही, आणि हे त्यांना पुरतं ठाऊक आहे. आत उतरायला दगडी पायऱ्या आहेत. ड्रायव्हर पुढे उतरतो आणि प्रत्येक पायरी मोठ्यानं मोजतो. "एक, दोन, तीन सैल, चार." माणूस निवृत्त होतो, खोडी होत नाहीत.

बाईंचे नियम: भडक पिवळी टोपी सगळ्यांनी घालायची. चालताना बोलत राहायचं, गप्प कोणी चालायचं नाही. आणि संशय आला की जीभ लावायची. "दगड जिभेला चिकटत नाही, जुनं हाड चिकटतं," त्या म्हणाल्या. "हाडात बारीक भोकं असतात, ती थुंकी ओढून घेतात. डोळे फसवतात, जीभ फसवत नाही." पस्तीस वर्षं मी लोकांसाठी कवळ्या बनवल्या, दुसऱ्यांच्या तोंडाचे साचे हातात घेऊन आयुष्य काढलं, पण स्वतःचं तोंड असं कुठेही लावलं नव्हतं. हे मी बोलून दाखवलं, तेव्हापासून माझं नाव कवळीवाले पडलं.

या खाणीत शिंपले ढिगानं सापडतात. इथे कधीकाळी समुद्र होता म्हणे. बाईंना शिंपल्यांत रस नाही. "जिथे एवढे शिंपले, तिथे ते खाणारा कोणीतरी असणारच," त्या म्हणाल्या. "त्याचा दात इथे कुठेतरी आहे. तीस वर्षं शोधतेय. तो सापडला की मी मरायला मोकळी." एवढं ऐकून नर्सनं त्यांना केळं दिलं.

ही वहीसुद्धा बाईंचाच हुकूम. प्रत्येकानं आपली वही ठेवायची, पाहिलेलं लिहायचं, कधीही तपासली जाईल. मी ड्रायव्हरला विचारलं की खरंच तपासतात का. तो म्हणाला, "दोन वर्षांत तरी कोणाची तपासलेली नाही." तेव्हा मी इथे मनाला येईल ते लिहिणार आहे.

रविवार, २१ जानेवारी

बाई आळशी आहेत असं माझं मत झालं आहे. स्वतः काही बघत म्हणून नाहीत. सगळं आमच्याकडून वदवून घेतात. आज मला एका थरासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "सांगा." मी म्हणालो, दगड आहे. "रंग?" राखाडी. "कसला राखाडी?" मी वैतागून म्हणालो, सिगारेट ओढणाऱ्याच्या दातांच्या मागच्या बाजूसारखा. मला वाटलं, आता झापतील. तर त्या खूष. "हे समजलं. असंच सांगत जा. वर काय आहे? खाली काय? हाताच्या मापानं सांगा." मग अर्धा तास मी आंधळ्याला हत्ती सांगितल्यासारखा तो दगड त्यांना सांगत होतो आणि त्या डोळे मिटून, मान हलवत, गाणं ऐकल्यासारख्या ऐकत होत्या. शिकवायचा पगार घेतला त्यांनी आणि आता काम आम्ही करायचं.

उतारावर त्यांनी माझं कोपर धरलं. "तुम्ही नवीन आहात, घसराल." मी घसरत नव्हतो. कोपरावर मात्र अजून वळ आहे.

शिवाय स्वच्छतेच्या नावानं बोंब. थर्मासातून चहा ओतताना त्या कपाच्या आत अंगठा घालतात, आणि चहा अंगठ्याला लागला की थांबतात. मग तोच कप समोरच्याला देतात. नर्स तिथेच बसली होती, चकार शब्द बोलली नाही. इस्पितळात हात धुवा म्हणून भिंतीला कागद चिकटवणारी बाई ती.

मी पंधरा शिंपले आणले. बायको म्हणाली, अंगणात ठेवा, घरात वास येईल. ते लाखो वर्षांपूर्वी मेलेत असं मी सांगितलं. तरी अंगणातच.

रविवार, ४ फेब्रुवारी

आज अपमान झाला. वेळेच्या क्रमानं लिहितो, नाहीतर नुसता अपमानच लिहीन.

बायको बरोबर आली होती, कारण व्हॅनमध्ये जागा होती आणि शाळेच्या गणवेशांचं काम शुक्रवारी संपलं होतं. बाईंनी तिचं बोट हातात घेऊन म्हटलं, "तुम्ही सुईकाम करता." बोटाच्या टोकाची खरखर लागली असेल. बायको खूष. दोघी दिवसभर बरोबर चालल्या. बायको त्यांना काही ना काही सांगत होती, इथे खड्डा, तिथे ओलं. घरी ती माझ्याशी इतकं बोलत नाही.

जेवणाआधी मला एक अंडं सापडलं. अख्खं, गुळगुळीत, मुठीत मावेल एवढं. मी ते दोन्ही हातांत धरून सगळ्यांना बोलावलं. दोन शब्दही बोललो, नशीब, चिकाटी वगैरे. बाईंनी ते हातात घेतलं, फिरवलं, जीभ लावली, नखानं खरवडलं. मग म्हणाल्या, "कवळीवाले, हा बटाटा आहे. दगडाचा. पाण्यानं घासून झालेला. असे ट्रकभर मिळतील." सगळे हसले. ड्रायव्हर तर बसला खाली. माझी बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

हसणाऱ्यांचं एक वेळ ठीक आहे. पण ज्या बाई लिहिलेलं वाचत नाहीत, दगड बघत नाहीत, नर्सच्या डब्यावर सरळ पाय देऊन पुढे जातात आणि सॉरीसुद्धा आमच्याच दिशेला न बघता म्हणतात, त्यांनी मला बटाटा म्हणावं? (मला नाही, अंड्याला. पण रोख माझ्यावर होता.) मला तर वाटतं त्यांना काही येत नाही. नुसती जीभ आणि दरारा. ही मंडळी मी चालवली तर दोन महिन्यांत संग्रहालय उभं राहील.

घरी येताना बायको म्हणाली, "पुढच्या वेळी बाईंना चहा तुम्ही ओतून देत जा." मी म्हणालो, का, त्यांना हात नाहीत? ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग खिडकीबाहेर बघायला लागली.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

मागच्या खोलीत माझं जुनं टेबल आहे. त्याखाली साच्याच्या प्लॅस्टरची अर्धी गोणी आहे, निवृत्त होताना आणलेली. नुसती नोंद करून ठेवतो.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

दात झाला.

पस्तीस वर्षांत इतका सुंदर दात मी बनवला नव्हता, कारण इतक्या सुंदर दाताची कोणाला गरज नव्हती. बोटभर लांब, सुळ्यासारखा, टोकाशी किंचित वाकलेला, एका कडेला करवतीची बारीक धार. मुळाशी जरा झिजवला, एक टवका उडवला, कारण नवा दात कोणालाही खोटा वाटतो. लोक कवळी घ्यायला येतात तेव्हा पांढरेशुभ्र दात मागतात आणि मग आरशात बघून रडकुंडीला येतात. मी नेहमी थोडा पिवळेपणा घालायचो. हा चहात बुडवला, दोन दिवस. वाळल्यावर जीभ लावून पाहिली. प्लॅस्टर जिभेला असं चिकटलं की सोडवताना आवाज झाला.

बेत साधा आहे. रविवारी हा दात खाणीत सापडेल. बाई जीभ लावतील, चिकटेल, त्या सगळ्यांसमोर जाहीर करतील. मग मी म्हणेन, बाई, हाही बटाटाच. बस, एवढंच. नंतर मंडळी बहुमतानं काय ठरवायचं ते ठरवेल.

बायकोनं विचारलं, मागे काय चाललंय. म्हणालो, जुनी हत्यारं साफ करतोय. तिनं चहाची पातेली शोधत असल्याचं सांगितलं.

शनिवार, १७ फेब्रुवारी

आज एकटा बसनं खाणीवर गेलो. फाटकाला कुलूप होतं, पण बाजूच्या तारेत कुत्र्यांनी वाट केलेली आहे. त्रेसष्टाव्या वर्षी कुत्र्याच्या वाटेनं रांगत गेलो, हेही लिहून ठेवतो.

जागा नीट निवडली. तिसरा कट्टा, गंजलेल्या पाइपाच्या डावीकडे चार पावलं, कोपराच्या उंचीवर, तो पिवळट पट्टा आहे त्याच्या लगेच खाली. बाई चालताना त्या कट्ट्यावरून हात फिरवत जातात, धूळ पुसल्यासारख्या. तिथे एक फट आहे. त्यात दात बसवला तर तो हलायला लागला. कवळी हलत असेल तर खाली काहीतरी भरावं लागतं. शेजारी छिन्नीनं टोकरलं तर कोणीतरी टाकलेल्या जुन्या फरशीचे तुकडे निघाले. न्हाणीघरात असते तसली: काळपट तपकिरी, वरून गुळगुळीत आणि चमकदार, लांबट पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या, कडेला सहा कोनांचे छोटे तुकडे. मालाला नावं ठेवायला जागा नव्हती. सांध्यात सिमेंटचा कणही नाही, तरी एक तुकडा दुसऱ्यापासून सुटेना. ज्यानं बसवली तो कारागीर माझ्या तोडीचा होता. खालच्या बाजूला मात्र फणीसारख्या खाचाच खाचा, बहुधा चुना धरायला. खाणीत कचरा टाकायला लोकांना लाजही वाटत नाही.

एका तुकड्याची पाचर करून दाताखाली ठोकली. झकास बसला. दुसरा तुकडा तळहाताएवढा आणि जड होता, तो बायकोला आणला. कापड बेतताना कागद सरकतो म्हणून ती त्यावर कात्री ठेवते आणि मग कात्री शोधत बसते. तिला तो फार आवडला.

रविवार, १८ फेब्रुवारी

ठरल्याप्रमाणे झालं. ठरल्याप्रमाणे काहीच झालं नाही.

बाई कट्ट्यावरून हात फिरवत आल्या. पाइपाच्या पुढे चौथ्या पावलावर हात थांबला. बोटांनी चाचपलं, वर, खाली, टोक, धार. कोणालाही हाक मारली नाही. दात हळूच सोडवला, जिभेला लावला आणि तशाच खाली धुळीत बसल्या. मला वाटलं, आता जाहीर करतील. मी पुढे सरकून तयार राहिलो.

पण त्या बसूनच राहिल्या. दात मुठीत, मूठ छातीशी. नर्स धावत आली, तिला वाटलं छातीत दुखतंय. मग बाई म्हणाल्या, "दात आहे." आवाज त्यांचा नव्हताच, कोणा लहान मुलीचा असावा असा. "शिंपले खाणारा नव्हे हा. सुळ्यानं शिंपला फुटत नाही. हा त्याचा कोणीतरी भाऊबंद, मासे धरणारा. पण दात आहे. तीस वर्षं, आणि आता, आत्ताच सापडावा." ड्रायव्हरनं पिवळी टोपी काढली आणि डोळे पुसले. बसवाला रडताना मी आज पहिल्यांदा पाहिला.

मी तोंड उघडलं होतं. वाक्य तयार होतं. ते तसंच गिळलं.

पुढच्या रविवारी संग्रहालयाचा अधिकारी खाणीवर येणार आहे. बाईंनी व्हॅनमधूनच फोन केला. फोनमधला नंबर नर्सनं लावून दिला. दात त्यांनी कोणाच्या हातात दिला नाही, रुमालात गुंडाळून सगळा रस्ता मांडीवर धरून बसल्या.

सोमवार, १९ फेब्रुवारी

बाईंना फोन करणार होतो. केला नाही.

बुधवार, २१ फेब्रुवारी

आजही नाही. जेवण जात नाही. शेवटी बायकोला सगळं सांगितलं. ती बाही जोडत होती. मशीन थांबवलं आणि म्हणाली, "अहो, दिसत नाही त्यांना."

मी म्हणालो, काय दिसत नाही?

"काहीच. उजेड आणि अंधार कळतो, भडक पिवळं थोडं कळतं. मी त्या दिवशी विचारलं, त्यांनी सांगितलं. दोन वर्षं होत आली. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुम्ही तर अर्धा तास त्यांना दगड वाचून दाखवत होतात."

मी ही वही मागे चाळली. टोप्या, पायऱ्या, कोपर, चहातला अंगठा, नर्सचा डबा. सगळं लिहिलेलं आहे, तारीखवार, माझ्याच अक्षरात. मला माझी लाज वाटली. इथे लिहायला दुसरा बरा शब्द सापडत नाही.

ड्रायव्हरला फोन केला. त्याला माहीत होतं. नर्सला माहीत होतं. नऊपैकी आठ जणांना माहीत होतं, बाईंसकट. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? तो म्हणाला, "सांगायचं काय त्यात? तुम्ही पस्तीस वर्षं कवळ्या केल्या. कोणाच्या तोंडात कोणाची कवळी आहे ते गावभर सांगत होतात का?" नव्हतो. एकदाही नाही.

मग त्यानं ऐकवलं ते असं: कंपनीला कळलं की परवानगी जाईल, म्हणून हे गुपित. बाईंना घरी बसायचं नाही. आणि आता संग्रहालयाचा माणूस येऊन त्यांच्या हातातलं प्लॅस्टर बघणार आणि विचारणार, बाई, हे तुम्हाला दिसलं नाही? प्लॅस्टरचं मी त्याला फोनच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. शेवटी म्हणाला, "रविवारच्या आत तुम्ही स्वतः जाऊन सांगा. नाहीतर मी सांगेन, आणि मला शब्द निवडता येत नाहीत."

शनिवार, २४ फेब्रुवारी

सकाळी दहाला बाईंच्या घरी गेलो. दुसरा मजला. दार त्यांनीच उघडलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "कवळीवाले. तुमच्या बुटांच्या नाड्या नेहमी सुटलेल्या असतात, फरशीवर वाजतात."

खोलीत भिंतभर खणांची कपाटं. प्रत्येक खणावर जाड काळ्या अक्षरांची चिठ्ठी, अक्षरं डावीकडून उजवीकडे मोठी मोठी होत गेलेली. अगदी शेवटच्या खणांवर चिठ्ठ्याच नाहीत, दोऱ्याच्या गाठी आहेत. टेबलावर भिंगाचा दिवा, त्यावर धूळ. आणि मधोमध, घडी घातलेल्या रुमालावर, माझा दात.

"बरं झालं आलात," बाई म्हणाल्या. "वही आणलीत? उद्या त्या माणसाला जागा नेमकी सांगायला हवी. तुमच्याइतकं स्वच्छ कोणी सांगत नाही. वाचा."

मी बोलून सांगायचं ठरवून गेलो होतो. चार दिवस वाक्यं जुळवली होती. एकही आठवेना. म्हणून वही उघडली आणि तेरा फेब्रुवारीपासून वाचायला लागलो. दात झाला. प्लॅस्टर. चहा. हाही बटाटाच. मी काही गाळलं नाही. गाळावंसं खूप वाटलं.

बाई सुरुवातीला हसत होत्या, गंमत वाचतोय असं समजून. मग हसू थांबलं. हात टेबलावर रुमालाकडे गेला, दाताला लागला आणि भाजल्यासारखा मागे आला.

"कवळीवाले," त्या म्हणाल्या, "तुम्ही हलकट माणूस आहात."

मी म्हणालो, हो.

"मी त्या रात्री झोपले नाही. आनंदानं. या वयात माणूस आनंदानं जागा राहत नाही हो. उद्या मी काय करू? त्याला काय सांगू? डोळे गेले, आता जीभही गेली?" त्यांचे ओठ थरथरत होते. कॉलेजात पोरांना थरथर कापायला लावणारी बाई. मला वाटलं, उठून जावं. पण त्या म्हणाल्या, "बसा. पुढे वाचा. सगळं वाचायचं. तुमची शिक्षा आहे ती."

म्हणून मागच्या शनिवारचं वाचलं. कुत्र्याची वाट. कट्टा, पाइप, चार पावलं, पिवळट पट्ट्याखाली. फरशी, पाचर.

"थांबा. मागे जा."

मी पुन्हा वाचलं. लांबट पट्ट्या, सहा कोनांचे तुकडे.

"चुन्याचा माग होता का फरशीवर? रंगाचा? कुठे विटेचा तुकडा शेजारी?"

नव्हता. ती खडकाच्या आतून निघाली, छिन्नीनं.

"खालून कशी म्हणालात?"

फणीसारखी. खाचाच खाचा.

बाई उभ्या राहिल्या. खुर्ची पडली. "तुम्ही पस्तीस वर्षं दात बनवलेत ना? शिंपला फोडायला काय लागतं? सुळा लागतो?"

दाढ लागते, मी म्हणालो. चपटी. जितकी रुंद तितकी बरी.

"पाकट माहीत आहे? चपटा मासा, समुद्राच्या तळाशी लोळणारा. त्याच्या तोंडात ना सुळे असतात ना दाढा. त्याच्या तोंडात फरशी असते." त्या अंधारात वस्तू शोधावी तशा हवेत हात फिरवत होत्या, आणि तो हात माझ्या कोपरावर येऊन घट्ट बसला. "पाचर अजून तिथेच आहे?"

आहे, मी म्हणालो. ठोकून बसवलीय.

"आणि दुसरा तुकडा?"

बायकोच्या टेबलावर. एका परकराच्या बेतावर ठेवलाय.

पायात चपला कुठल्या आहेत हेही न चाचपता त्या निघाल्या. रस्ता ओलांडताना मी "आता थांबा, आता चला" म्हणत होतो आणि त्या म्हणत होत्या, "माझे कान शाबूत आहेत, नुसतं चाला." घरी बायको कापड बेतत होती. बाईंनी विचारलं, "वजन कुठाय?" बायकोनं कागदावरून तो तुकडा उचलून त्यांच्या हातात दिला.

बाईंनी आधी वरची बाजू बोटांनी चाचपली, एकेका पट्टीवरून, सांध्यांवरून. मग उलटा केला आणि फणीच्या बाजूला जीभ लावली. जीभ चिकटली. तशाच चिकटलेल्या जिभेनं त्यांनी काहीतरी म्हटलं, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही, आणि दोघांनाही कळलं. बायको त्यांना धरून उभी होती, दोघी रडत होत्या. मी परकराचा कागद सरकू नये म्हणून त्यावर हात ठेवून उभा राहिलो.

बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, "आता सांगा, दिसतो कसा."

मी सांगितला. एवढं नीट मी कधी काही पाहिलं नव्हतं.

रविवार, २५ फेब्रुवारी

संग्रहालयाचा अधिकारी आला, बरोबर खाणीचा सुरक्षा अधिकारी. बाईंनी फाटकातच सगळं सांगून टाकलं, आधी डोळ्यांचं आणि मग प्लॅस्टरचं. मधे कोणाला बोलू दिलं नाही. मला वाटलं होतं, माझं नाव त्या झाकतील. छे. "हे कवळीवाले. यांनी मला फसवलं, आणि खरा दात यांनीच शोधला, आणि त्याची पाचर केली," असं म्हणून मला पुढे ढकललं. संग्रहालयवाल्याला कुठल्या गोष्टीसाठी हात मिळवावा ते कळेना.

पाचर फटीत तशीच होती. शेजारी, पिवळट पट्ट्याखाली, तसल्या अजून चार फरश्या निघाल्या. अधिकाऱ्यानं मोजमापं घ्यायला कागद काढला, तेव्हा बाई म्हणाल्या, "ह्यांच्या वहीतून उतरवून घ्या." त्यानं घेतलं. कुत्र्याच्या वाटेचं पानही त्यानं वाचलं, हे मला उशिरा कळलं.

खोटा दात बाईंनी परत केला नाही. खणात ठेवलाय. चिठ्ठी मला लिहायला लावली: ‘सुळा. प्लॅस्टर. चहात भिजवलेला. करणारे कवळीवाले, फसलेली मी.’ अक्षर चांगलं काढा म्हणाल्या, लोक वाचतील.

सुरक्षा अधिकाऱ्याला मात्र पाझर फुटला नाही. डोळे नसलेल्या माणसाच्या नावावर परवानगी देता येत नाही म्हणाला. विचार करून कळवतो म्हणाला. परतताना व्हॅनमध्ये कोणी बोलत नव्हतं, आणि नियम मोडला म्हणून बाईसुद्धा ओरडल्या नाहीत.

रविवार, १० मार्च

कंपनीचा कागद आला. परवानगी आता डोळस आणि जबाबदार माणसाच्या नावावर मिळेल, आणि तो माणूस पूर्ण वेळ बाईंच्या शेजारी असला पाहिजे. मंडळींनी बहुमतानं माझं नाव दिलं. जबाबदार या शब्दावर नर्स खोकली. महिन्यापूर्वी मला हेच हवं होतं. आज सही करण्याआधी कागद दोनदा वाचला.

बायकोनं बजावून पाठवलंय की तिला वजन हवंय, साधा दगड चालेल, पण कोणी न चाटलेला.

फाटक मी उघडलं. ड्रायव्हर नेहमीसारखा पुढे उतरायला निघाला, मग थांबला आणि बाजूला झाला. बाईंनी माझं कोपर धरलं, त्याच जुन्या जागी. मी घसा साफ केला.

"एक. दोन. बाई, पुढची सैल आहे."

"तीस वर्षं सैल आहे," बाई म्हणाल्या. "मोजायचं थांबू नका."